मुदत संपलेला भाडेकरू आणि दुसऱ्या फ्लॅटचा बेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातला वन बीएचके तुम्ही १८,००० रुपये भाड्याने दिला आहे. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार चार महिन्यांपूर्वी संपला आणि तो पुढे वाढवायचा राहून गेला. भाडेकरू पैसे वेळेवर देतो, पण ‘मुलीची दहावीची परीक्षा होऊ दे, मग बघू’ म्हणत जागा सोडत नाही. एजंट म्हणतो आता २०,००० सहज येतील, म्हणून त्याला काढायचं आहे. शिवाय कर्ज काढून भाड्यासाठी आणखी एक फ्लॅट घ्यायचा विचार आहे, तोही पत्नीच्या नावावर, म्हणजे मुद्रांक शुल्क वाचेल. मग त्या फ्लॅटचे भाडेकरार पत्नीऐवजी तुम्ही केले तर चालतील का?

भाड्याचे करार करून देणं आणि परगावी राहणाऱ्यांचे फ्लॅट सांभाळणं हेच माझं काम, त्यामुळे ही तीनही दुखणी रोजच्या पाहण्यातली आहेत. आधी भाडेकरूचं बघू.

त्याला काढायचं कशासाठी, हे कागदावर मांडा. दोन हजार जास्त म्हणजे अकरा महिन्यांत २२,००० रुपये. आता खर्चाची बाजू. जुना गेला आणि नवा आला यात एक महिना जागा रिकामी राहणार. रंगाचे हात, सफाई, जाहिरात, चाव्या घेऊन धावपळ यात महिना कसा जातो कळत नाही. ते गेले २०,०००. एजंट मालकाकडूनही दलाली घेत असेल तर एक महिन्याचं भाडं, आणखी २०,०००. वन बीएचकेला साधा रंग आणि किरकोळ दुरुस्ती धरली तर २५,००० कुठे गेले नाहीत. झाले ६५,०००. ते भरून निघायला नव्या भाडेकरूने तीन वर्षं टिकायला हवं, आणि तो टिकेल, वेळेवर देईल, शेजाऱ्यांशी भांडणार नाही याची हमी कोण देणार? एजंट तर नक्कीच देणार नाही. त्याची कमाई माणूस बदलण्यात आहे, तुमची माणूस टिकण्यात. तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही, २०,००० येतीलही. पण त्याचा हिशोब वेगळा आणि तुमचा वेगळा.

याच माणसाला १९,००० वर राजी केलंत तर अकरा महिन्यांत ११,००० जास्त येतात आणि खर्च फक्त नव्या कराराचा. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. एक-दोन फ्लॅट असलेल्या मालकाचं नुकसान कमी भाड्याने फारसं होत नाही. रिकाम्या महिन्यांनी आणि चुकीच्या माणसाने होतं.

माणूस ठीक असला तरी तुमचा कागद मात्र या घडीला कच्चा आहे, आणि ते या आठवड्यात उरकायचं काम आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार), तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे: वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. भाडं किती ठरलं होतं, किती मुदतीसाठी, सगळं त्याच्या तोंडून.

‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे वाक्य तुम्हाला शंभर लोक सांगतील. केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकराचा आकडा रूढ झाला. आपल्याकडे राज्याचा कायदा त्याच्या पुढे गेला आणि मुदत कितीही असो, नोंदणी लावली. त्यामुळे पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणलेला करार वेळ आली की फारसा कामाला येत नाही. आणि अकराच महिने का? मुदत ६० महिन्यांपर्यंत ठेवता येते. बरा माणूस असेल तर मी २२ किंवा ३३ महिन्यांचा करार सुचवतो, दर अकरा महिन्यांनी ठरावीक वाढ आतच लिहून. दरवर्षी ‘यंदा किती वाढवायचं’ ही घासाघीस वाचते.

खर्चाची भीती बाळगू नका. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी काही रक्कम असेल तर ती, आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. तुमचं उदाहरण: १९,००० गुणिले ११ म्हणजे २,०९,०००. डिपॉझिट ६०,००० असेल तर अकरा महिन्यांचं धरलेलं व्याज ५,५००. एकूण २,१४,५००, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साडेपाचशेच्या आत-बाहेर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी जे जातं ते करार करून देणाऱ्याची मजुरी. आधार कार्ड आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो, अर्ध्या तासात थंब होतात, कचेरीत जावं लागत नाही.

तेव्हा भाडेकरूला भेटा आणि सरळ सांगा: राहायचं असेल तर नवा करार, १९,०००, आजपासून. मधल्या चार महिन्यांबद्दल त्याच्याकडून एक पत्र घ्या की जुन्या करारानुसारच्या रकमा अमुक तारखांना बँकेतून दिल्या आणि डिपॉझिट तेच कायम आहे. परीक्षेनंतर जायचंच असेल तर तेवढ्याच महिन्यांचा करार करा. मुदत मात्र परीक्षेच्या शेवटच्या पेपरला चिकटवू नका. सामान बांधायला, दुसरी जागा बघायला वेळ लागतो, म्हणून एप्रिलअखेर धरा. मार्चमधली तारीख लिहिली तर ती पाळली जाणार नाही हे दोघांनाही सही करतानाच माहीत असेल, आणि अशी तारीख करारात काय कामाची?

आता समजा त्याने करारालाही नकार दिला आणि जागाही सोडली नाही. पाणी तोडणं, मीटरची वायर काढणं, कुलूप बदलणं यातलं काही करू नका. याच कायद्याचं कलम २९ अत्यावश्यक सेवा तोडायला मालकाला मनाई करतं आणि एकदा तुम्ही तो उद्योग केलात की अडलेले तुम्ही होता. पोलीस ठाण्यात जाऊनही उपयोग नाही. ताब्याचा वाद दिवाणी, पोलीस घर खाली करून देणार नाहीत.

मार्ग कलम २४ चा. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. नेहमीच्या कोर्टापेक्षा ही प्रक्रिया आटोपशीर आहे: समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूला बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, ती त्याने मागितली नाही किंवा मिळाली नाही तर ताब्याचा आदेश होतो. मुदतीनंतर जागा अडवलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात जे नमूद आहे तो तिथे निर्णायक पुरावा धरला जातो, म्हणून तुमचा जुना नोंदवलेला करार जपून ठेवा. अर्जाआधी वकिलाकडून नोटीस पाठवा. आणि मुदतीनंतर खात्यात येणारे पैसे भाडं म्हणून नव्हे, तर वापराची भरपाई म्हणून, हक्क राखून स्वीकारतोय, हे त्याला लेखी कळवा. ईमेल, व्हॉट्सअॅप दोन्हीवर पाठवा आणि एक प्रत स्पीड पोस्टाने.

याच ओघात दोन गैरसमज काढून टाकतो. ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ ही भीती मुदत कायद्यातल्या प्रतिकूल ताब्याच्या तरतुदीतून आली आहे. तुमच्या परवानगीने, करार करून राहणाऱ्याला नुसती वर्षं मोजून मालकी मिळत नाही. बिनकागदाचा नातेवाईक किंवा ओळखीतला माणूस वर्षानुवर्षं फुकट राहतोय, तिथे मात्र जपून. दुसरं, दोनच महिन्यांचं डिपॉझिट, अमुक दिवसांचीच नोटीस असे ‘नवे नियम’ फोनवर फिरत असतात. त्यांचं मूळ केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय त्या राज्यात लागू होत नाही.

कधी ना कधी नवा माणूस शोधावाच लागेल. तेव्हा भाड्याच्या आकड्याआधी माणूस बघा. पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा भाडं जास्त होत असेल तर सहाव्या-सातव्या महिन्यात ओढाताण सुरू होते. ऑफिसचं ओळखपत्र, पॅन, आधार हे सगळेच मागतात. मी एक गोष्ट जास्तीची करतो: आधीच्या मालकाला फोन. सध्याच्या नव्हे, त्याच्या आधीच्या. सध्याच्या मालकाला त्रासदायक माणूस घालवायचा असेल तर तो कौतुकच करेल. आधीच्याला आता काही घेणंदेणं नसतं, तो मोकळेपणाने बोलतो. त्याला दोनच प्रश्न विचारावेत, डिपॉझिटमधून किती कापलंत आणि पुन्हा द्याल का जागा त्यांना. दुसऱ्या प्रश्नानंतर जी शांतता पसरते ती नीट ऐका.

जमलं तर करार करण्याआधी त्याच्या सध्याच्या घरी जाऊन या, टोकन घ्यायच्या निमित्ताने. ओटा आणि बाथरूमचा दरवाजा बघितला की तुमचं घर दोन वर्षांनी कसं दिसेल ते समजतं. उगाच घाई करणारा, ‘आजच शिफ्ट होतो, करार मागाहून’ म्हणणारा, डिपॉझिट हप्त्यांत मागणारा माणूस मी टाळतो. चावी करार नोंदल्यावर आणि डिपॉझिट बँकेत जमा झाल्यावरच द्यायची. गोडीगुलाबीत हा क्रम फिरवलेल्या मालकांची प्रकरणंच मग माझ्याकडे येतात.

अविवाहित मुलांना देऊ नका असं सोसायटीतले लोक सांगतील. माझा अनुभव तसा नाही. नोकरी करणारी तीन मुलं भाडं वेळेवर देतात, त्रास वेगळाच असतो: एक जातो, दुसरा येतो, आणि दीड वर्षाने करारात नाव असलेलं कुणीच घरात नसतं. म्हणून राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि थंब करारात घ्या आणि माणूस बदलला की करार बदलायचा अशी अट टाका. सोसायटीच्या परवानगीचं म्हणाल, तर आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, भाड्याने द्यायला एनओसी लागत नाही. कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून होणारी आकारणी) सोसायटी घेऊ शकते, पण ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. संपूर्ण मेंटेनन्सच्या नव्हे. मालमत्ता कर, सिंकिंग फंड त्यात धरायचे नाहीत. बिलात तो आकडा एकदा तपासा, बऱ्याच ठिकाणी मनाला येईल तो लावलेला असतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे मालकाचं काम आहे, ते ऑनलाइन होतं, करार झाला त्याच दिवशी उरकून पावती फाइलला लावा.

करारात नमुन्याची कलमं असतातच. मी ज्यावर भर देतो ते म्हणजे सामानाची यादी. ‘गीझर १, पंखे ३’ एवढं लिहून भागत नाही. कुठल्या कंपनीचा, किती लिटरचा, चालू स्थितीत, खिडकीच्या कुठल्या काचेला तडा आहे, सगळं लिहा. चावी देताना भाडेकरूला बरोबर घेऊन मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक बटण दाबून, शेवटी वीज मीटर आणि गॅस मीटरचे आकडे. तोच व्हिडिओ त्यालाही पाठवा. डिपॉझिट परत देतानाची भांडणं निम्म्याहून जास्त तिथेच मिटतात. रंगाचे पैसे कापणार असाल तर रक्कम आधीच लिहा, ‘योग्य ती’ असं नको. किरकोळ दुरुस्ती कुणाची हेही: मी ठरावीक रकमेपर्यंतची भाडेकरूकडे ठेवतो आणि भिंतीतलं, जमिनीखालचं सगळं मालकाकडे.

जमिनीखालच्यावरून आठवलं, फ्लॅटमालकाला भाडेकरूइतकाच ताप देणारी गोष्ट म्हणजे बाथरूमची गळती. तुम्ही तिथे राहत नसल्याने तुम्हाला ती दिसत नाही; खालच्या मजल्यावरच्याचं छत ओलं होतं, तो सेक्रेटरीकडे जातो आणि चार महिन्यांनी तुम्हाला पत्र येतं. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर ते काम सोसायटीचं, पण तुमच्या संडास-बाथरूममधून खाली झिरपत असेल तर खर्च तुमचा. म्हणून दोन भाडेकरूंच्या मध्ये जागा रिकामी असते तेव्हा रंगाआधी ही चाचणी करा. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमचं पाणी जायच्या जाळीखालच्या भोकाच्या, तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा, बाथरूममध्ये उंबऱ्याखाली दोन इंच पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने रेघ मारा आणि पूर्ण २४ तास, जमलं तर ४८ तास राहू द्या. मग खाली जाऊन छत बघा.

साचलेल्या पाण्याने खाली ओल आली तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग किंवा सांधे गेलेत. तशी ओल आली नाही, पण कुणी अंघोळ केली, फ्लश ओढला की तेवढ्यापुरतं खाली टपकतं, तर दोष सांडपाण्याच्या पाइपात किंवा ट्रॅपच्या जोडात. आणि कुणी काही न वापरता रात्रंदिवस ओल असेल तर भिंतीतली पाण्याची लाइन फुटलीय. फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह एक दिवस बंद ठेवा, टपकणं थांबलं तर खात्री झाली. एवढं स्वतः तपासल्याशिवाय कुणालाही फरशी फोडू देऊ नका. प्लंबर आला की पहिलं वाक्य ‘सगळं तोडावं लागेल’ असतं. सांध्यांतून झिरपत असेल तर जुना सिमेंटचा भर खरवडून इपॉक्सी ग्राउट भरल्याने बऱ्याचदा भागतं, आणि ते फरशी फोडण्याच्या मानाने फारच स्वस्त पडतं. फोडायचंच ठरलं तर मात्र फरशीखालच्या कोब्यापासून नीट करून घ्या आणि टाइल बसवायच्या आधी हीच पाण्याची चाचणी पुन्हा घ्या. मिस्त्री कुरकुर करेल. करू दे.

त्याच फेरीत अँगल कॉक (नळाआधीचे पाणी बंद करायचे छोटे व्हॉल्व्ह) फिरवून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेले जाम होतात आणि नळ फुटला की पाणी बंद करता येत नाही. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि विजेच्या बोर्डावरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ईएलसीबी नसेल तर बसवाच. गीझरच्या शॉकने कुणाचा जीव गेला तर प्रश्न भाड्याचा राहत नाही.

आता दुसऱ्या फ्लॅटकडे. ६० लाखांचा वन बीएचके, भाडं १८,०००, म्हणजे वर्षाला २,१६,०००, म्हणजे ३.६ टक्के, असं तुम्ही मनात धरलं असेल. पूर्ण हिशोब असा पडतो. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४,२०,०००, नोंदणी फी ३०,०००, आणि कपाटं, ओटा, पंखे, गीझर, जाळ्या धरून अडीच लाख. लागले ६७ लाख. भाडं बारा नव्हे, अकरा महिन्यांचं धरा: १,९८,०००. त्यातून मेंटेनन्स ३०,०००, बिनभोगवटा शुल्क १,८००, मालमत्ता कर ९,०००, दलाली दर दुसऱ्या वर्षी लागेल म्हणून सरासरी ९,०००, रंग-दुरुस्तीचे सरासरी १५,०००. एकूण ६४,८००. हातात उरले १,३३,२००. लावलेल्या पैशावर दोन टक्क्यांच्याही जरा खाली, तेही आयकराआधी.

कर्ज काढलंत तर? ४५ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं, म्हणजे हप्ता साधारण ३९,०००. फ्लॅट महिन्याला निव्वळ ११,१०० देतो. बाकीचे २८,००० दर महिन्याला तुमच्या पगारातून. ‘भाड्यातून हप्ता फिटतो’ हे वाक्य पंचवीस वर्षांपूर्वीच्या किमतींना कदाचित लागू असेल, आताच्या नाही. घेऊच नका असं मी म्हणत नाही. ते २८,००० वीस वर्षं सहज जमत असतील, मुलांसाठी पुढे जागा हवी असेल, तर घ्या, पण मग ती भाववाढीवर लावलेली पैज आहे हे समजून. आणि गरज पडली तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. सहा महिन्यांचे हप्ते आणि मेंटेनन्स बँकेत वेगळे ठेवल्याशिवाय मी कुणालाही दुसऱ्या फ्लॅटवर सही करू देत नाही.

आयकर समजून घ्या. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा, उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट, पावत्या मागत नाहीत. मेंटेनन्स, रंग, दुरुस्ती त्यातच आली. वरच्या उदाहरणात १,८९,००० चे ३० टक्के म्हणजे ५६,७०० जाऊन १,३२,३०० करपात्र. कर्जाचं व्याज त्यातून वजा होतं. व्याज त्याहून जास्त झालं तर जुन्या कररचनेत घराचा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगाराशी वळता करता येतो, नव्या रचनेत नाही. ‘टॅक्स वाचतो म्हणून फ्लॅट घेतोय’ असं असेल तर तुम्ही कुठल्या रचनेत आहात ते आधी बघा.

घ्यायचं ठरलंच तर तयार फ्लॅट घ्या. बांधकाम चालू असलेल्यावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी आहे, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्याजोगी पूर्ण झाल्याचा दाखला) मिळाल्यावर विकलेल्यावर नाही, आणि तयार फ्लॅट पहिल्या महिन्यापासून भाडं देतो. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, साइटवर नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकललीय तेवढं बघा. पुनर्विक्रीत इंडेक्स टू (नोंदवलेल्या खरेदीचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीच्या नावावर जमीन झाली की नाही, आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. बँकेचं कर्ज मंजूर झालं म्हणजे कागद स्वच्छ, असं धरून चालू नका. बँक स्वतःच्या सोयीचं तपासते.

आणि सोसायटीच्या ऑफिसात जाऊन एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं बघायला मागा. विकणारा पाण्याबद्दल खरं सांगणार नाही, बिलं सांगतील. भाडेकरू पाण्याच्या त्रासाने जितका पटकन जागा सोडतो तितका भाडेवाढीने सोडत नाही. वॉचमनला सहज विचारा, इथे किती फ्लॅट भाड्याने आहेत आणि रिकामे किती. वीसमधले पाच रिकामे असतील तर तुमचा सहावा कशाला? तुम्हाला स्वतःला राहायला आवडेल की नाही हा निकष भाड्याच्या जागेला लावू नका. बसस्टॉप किंवा मेट्रो चालत किती मिनिटांवर, लिफ्ट चालते का, दुचाकीला जागा आहे का, हेच भाडेकरू बघतो. क्लबहाऊस आणि पोहण्याच्या तलावाचा मेंटेनन्स तुम्ही भरणार, भाडं त्या प्रमाणात वाढत नाही.

राहिला पत्नीच्या नावाचा प्रश्न. खरेदीदार फक्त महिला असेल तर निवासी जागेला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ६० लाखांवर ६०,००० वाचतात. पण पैसे तुमचे आणि नाव त्यांचं असेल तर भाडं त्यांच्या खात्यात आलं तरी आयकरात ते तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल, तेव्हा कर वाचेल या समजुतीत राहू नका. करारात लायसेन्सर, म्हणजे जागा देणाऱ्या, त्याच असतील आणि थंबही त्यांचाच लागेल. तुम्ही नवरा आहात म्हणून तुमची सही चालणार नाही. त्या परगावी असतील किंवा येऊ शकणार नसतील तर तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घ्या, आणि ते नुसतं नोटरीपुढे न करता दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवून घ्या. त्यात भाड्याने देणं, करार नोंदवणं, डिपॉझिट घेणं आणि परत करणं, तसंच सक्षम प्राधिकाऱ्यापुढे अर्ज करणं हे अधिकार वेगवेगळे लिहायला सांगा. शेवटचा बहुतेक मसुद्यांत राहून जातो.